हरवलेली यादी आणि तीन अक्षरांची आज्ञा



आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवाची तयारी सुरू झाली, तेव्हा पहिल्याच बैठकीत एका विश्वस्तांनी विचारले, "माजी विद्यार्थ्यांची यादी कुठे आहे?" यादी आहे, हे सर्वांनाच ठाऊक होते. कार्यालयातील आपल्या जुन्या लिपिकांनी २००३ साली प्रवेशाच्या नोंदवह्या समोर ठेवून, रोज शाळा सुटल्यावर थांबून, ती संगणकावर उतरवली होती. पुढे त्यांतील दोन नोंदवह्यांना वाळवी लागली. म्हणजे त्या वर्षांची नावे आता फक्त संगणकात उरली होती. पण संगणकात नेमकी कुठे?

दरम्यान कार्यालयाचा संगणक दोनदा बदलला होता. जुन्या संगणकातील सर्व सामग्री नव्यात 'जुने' नावाच्या एका फोल्डरात जशीच्या तशी टाकलेली होती. त्यात हजारो फाइली. फोल्डरांची नावे पाहाल तर 'नवीन', 'नवीन दोन', 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'खरे फायनल'! आम्ही दोन दिवस एकेक फाईल उघडून पाहिली आणि थकलो. तिसऱ्या दिवशी मात्र तीन अक्षरांच्या एका आज्ञेने काम सोपे केले. ती आज्ञा आणि तिच्यामागचा विचार आज आपण शिकणार आहोत.

एक सूचना आधीच देतो. या लेखात सर्व आज्ञा वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. कळफलकावर मात्र त्या इंग्रजी अक्षरांत टंकायच्या आहेत. 'डीआयआर' असे दिसले की डी, आय आणि आर ही तीन अक्षरे टंकावीत. तिरकी रेघ, चांदणी, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्हे ही जशी छापली आहेत तशीच घ्यावीत.

१. चौकटीत लिहिले, तरी का सापडली नाही?

हा प्रश्न बहुतेकांना पडतो. पडद्याच्या खाली शोधाची चौकट असतेच. तिथे नाव लिहिले की झाले! पण ग्रंथालयाचे उदाहरण घ्या. एखादे पुस्तक शोधण्याचे दोन मार्ग असतात. एक, ग्रंथपालांच्या सूचीत पाहणे. दुसरा, स्वतः प्रत्येक कपाटापुढे उभे राहून एकेक पुस्तक पाहणे. सूचीचा मार्ग झटपट असतो, पण जे पुस्तक सूचीत नोंदलेलेच नाही ते समोरच्या कपाटात असूनही सापडत नाही.

शोधाची चौकट मुख्यतः सूचीवर चालते. ही सूची संगणक फावल्या वेळात तयार करून ठेवतो, आणि तिच्यात डिस्कवरचा प्रत्येक फोल्डर असतोच असे नाही. आमचा 'जुने' फोल्डर दुसऱ्या विभागात, डी ड्राइव्हवर होता आणि तो सूचीबाहेर राहिला होता. याउलट आज आपण शिकणार आहोत ती आज्ञा कपाट न् कपाट हिंडते. तिला वेळ थोडा जास्त लागतो, पण ती कोणतेही कपाट गाळत नाही.

२. काळ्या खिडकीत प्रवेश

विंडोज असलेल्या संगणकावर कळफलकावरील विंडोजची कळ दाबून ठेवा आणि आर दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात 'सीएमडी' टंकून एंटर करा. एक काळी खिडकी उघडते. येथे चित्रे नाहीत, माऊसचे काम नाही. आज्ञा लिहायची आणि एंटर दाबायचे. ही पद्धत १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसच्या काळापासून चालत आलेली आहे. (काही नव्या संगणकांवर 'पॉवरशेल' नावाची वेगळी खिडकी उघडते. तिच्यात पुढील आज्ञा याच रूपात चालत नाहीत. म्हणून 'सीएमडी'च उघडावे.)

आता क्रमाने पुढील आज्ञा द्या.

डी:

सीडी \जुने

पहिल्या आज्ञेने आपण डी ड्राइव्हवर गेलो, दुसरीने 'जुने' फोल्डरात शिरलो. आता मुख्य आज्ञा:

डीआयआर /एस /बी *यादी*

हिचे तुकडे पाहू. 'डीआयआर' म्हणजे येथे काय काय आहे ते दाखव. '/एस' म्हणजे केवळ हा फोल्डर नव्हे, तर त्याच्या पोटातील सर्व फोल्डर आणि त्यांच्या पोटातीलही पाहा. '/बी' म्हणजे इतर तपशील नको, फक्त पूर्ण पत्ता सांग. चांदणी म्हणजे 'येथे काहीही असो'. दोन्ही बाजूंना चांदणी दिल्यामुळे नावात कुठेही 'यादी' असलेल्या सर्व फाइली मिळतात. नावात मोकळी जागा असेल तर ते अवतरणचिन्हांत लिहावे. शोध फार लांबला तर कंट्रोल धरून सी दाबावे, तो थांबतो.

आम्ही ही आज्ञा दिली आणि पडदा भरून वाहू लागला. सामानाची यादी, सहलीची यादी, गणवेशाची यादी, किराण्याची यादी! संगणकाची चूक नव्हती. आम्ही विचारले तेवढेच त्याने सांगितले.

३. जे ठाऊक आहे ते नेमके सांगा

मग आम्ही निवृत्त लिपिकांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, "वर्डमध्ये केली होती. नावात 'माजी' होतं, एवढं नक्की. गणपती उठले आणि सुरू केलं, दिवाळीच्या सुट्टीआधी संपवलं." एवढ्या बोलण्यात तीन धागे होते: फाइलीचा प्रकार, नावाचा तुकडा आणि काळ. शोधाचे खरे काम येथेच झाले.

आधी नाव. 'माजी' हा शब्द इंग्रजी अक्षरांत आम्ही एम-ए-जे-आय असा लिहिला. उत्तर आले, 'फाइल नॉट फाउंड'. येथे आपल्या मराठी माणसांची एक खास अडचण लक्षात घ्या. आपला शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची एकच रीत नाही. 'दिवाळी'त कोणी व्ही लिहितो, कोणी डब्ल्यू. 'शिंदे', 'शाळा', 'विद्यार्थी' यांच्या स्पेलिंगा जितके लिहिणारे तितक्या. यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय प्रश्नचिन्हाचा. प्रश्नचिन्ह म्हणजे 'येथे कोणतेही एक अक्षर'. डी, आय, मग प्रश्नचिन्ह, मग ए, एल, आय असे लिहिले की व्ही आणि डब्ल्यू दोन्ही सापडतात. दुसरा उपाय म्हणजे शब्दाचा खात्रीचा तेवढाच तुकडा द्यायचा आणि बाकी चांदणीवर सोडायचे. आम्ही पूर्ण शब्दाऐवजी एम-ए-जे एवढेच दिले असते, तर तिथेच काम झाले असते. पण तेव्हा ते सुचले नाही; आम्ही काळाचा धागा धरला.

डीआयआर /एस *.डॉक | फाइंड "२००३"

(येथे वर्षाचे आकडेही इंग्रजीतच टंकावेत.) येथे '/बी' मुद्दाम गाळले आहे, कारण आता आपल्याला तारीखही हवी आहे. '*.डॉक' म्हणजे वर्डच्या जुन्या प्रकारच्या फाइली. मधली उभी रेघ म्हणजे पन्हळ: डावीकडच्या आज्ञेचे उत्तर पडद्यावर न जाता उजवीकडच्या आज्ञेला मिळते. 'फाइंड' ही आज्ञा त्यातील '२००३' असलेल्या ओळीच तेवढ्या पुढे सोडते. गव्हाच्या राशीवर चाळण धरावी तसे.

चाळीसएक ओळी उरल्या. त्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आठच. आणि त्यांपैकी एकीचे नाव होते एम-ए-जे-ई-ई! लिपिकांनी 'माजी'तील दीर्घ ई शेवटी दोन ई घालून लिहिली होती. व्याकरणाच्या दृष्टीने त्यांचेच बरोबर म्हणायला हवे. चाळणीत पत्ता गळून पडतो. म्हणून ते नाव घेऊन पुन्हा 'डीआयआर /एस /बी' दिले आणि पूर्ण पत्ता मिळाला. यादी 'खरे फायनल'मध्ये नव्हती. ती 'वीजबिल' नावाच्या फोल्डरात होती.

तारखेविषयी एक बारकावा. फाइलीला एकाहून जास्त तारखा असतात. विंडोजमध्ये फाइलीची नक्कल केली की 'निर्मिती'ची तारीख नक्कल केल्याच्या दिवसाची होते, पण 'शेवटच्या बदला'ची तारीख जुनीच राहते. 'डीआयआर' आपणहून दाखवते ती बदलाची तारीख. त्यामुळेच इतक्या वर्षांनंतर, संगणक दोनदा बदलूनही, २००३ साल जागेवर होते. मात्र मधल्या काळात कोणी ती फाईल उघडून सहज 'सेव्ह' केली असती, तर हा धागा तुटला असता. म्हणून जुन्या फाइली केवळ पाहायच्या असतील तर सेव्ह करू नयेत.

४. सापडली, पण वाचता येईना

फाईल उघडली आणि आमचा आनंद मावळला. पडद्यावर इंग्रजी अक्षरे, टिंबे, उलटसुलट चिन्हे. मराठी एक अक्षर नाही!

कारण समजून घ्या. संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. इंग्रजीतील पहिले मोठे अक्षर म्हणजे त्याच्या लेखी ६५. पूर्वी मराठी लिहिण्यासाठी जे टंक वापरले जात, त्यांत क्रमांक इंग्रजी अक्षराचाच राही, फक्त त्या जागी चित्र देवनागरीचे काढलेले असे. एका टंकात ६५ च्या जागी एक अक्षर, दुसऱ्या टंकात दुसरेच. तो टंक संगणकात नसेल तर चित्र जाते आणि उरतात इंग्रजी चिन्हे. पुढे युनिकोडचा वापर रूढ झाला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालची. त्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिलेल्या आहेत. 'क'चा क्रमांक २३२५. तो इंदुरात, बेळगावात किंवा लंडनमध्येही तोच.

आता तो जुना टंक आणायचा कुठून? पुन्हा तीच आज्ञा! टंकाची फाईल बहुधा 'टीटीएफ' प्रकारची असते.

डीआयआर /एस /बी *.टीटीएफ

जुन्या संगणकाची सर्व सामग्री उतरवलेली असल्यामुळे तिच्यासोबत शाळेने तेव्हा विकत घेतलेला टंकही आलेला होता. तो बसवला आणि पडद्यावर नावे उमटली. पहिल्या तुकडीचे पहिले नाव वाचताना कार्यालयात कोणीच काही बोलले नाही.

त्यानंतर यादी युनिकोडमध्ये बदलून घेतली. हे काम करणारे प्रोग्राम मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या टंकांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवत: 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग 'क'. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने: आधी 'क', मग वेलांटी. रफाराचेही तसेच. 'वर्ग'मधील रफार जुन्या टंकात 'ग'नंतर येतो, युनिकोडमध्ये 'ग'च्या आधी. या अदलाबदलीत चुका राहतात. पालकांपैकी सहा जणांनी तीन रविवार बसून प्रत्येक नाव तपासले. ज्या नोंदवह्या शिल्लक आहेत त्यांच्याशी ताडूनही पाहिले. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

५. यादीच्या आतला शोध

आतापर्यंत आपण फाईल शोधली. आता फाइलीच्या आतील शब्द शोधायचा. आपल्या संगणक कक्षातील काही यंत्रांवर लिनक्स आहे. तेथील पद्धत युनिक्समधून आली आहे. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. तेथे फाईल शोधणारी आज्ञाही 'फाइंड'च, पण ती विंडोजच्या चाळणीहून वेगळी:

फाइंड . -आयनेम "*माज*"

टिंब म्हणजे 'मी आहे त्या फोल्डरापासून'. लिनक्समध्ये लहान-मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानली जातात. 'आयनेम' लिहिले की तो भेद सुटतो. चांदणी असलेला शब्द अवतरणचिन्हांत द्यायला विसरू नका, नाहीतर 'फाइंड'ला मिळण्याआधीच चांदणीचा अर्थ लावला जातो आणि उत्तर चुकते. लिनक्समध्ये सूची पाहणारी 'लोकेट' ही आज्ञाही मिळते. ती फार चपळ, पण सूची नव्याने होईपर्यंत आज केलेली फाईल तिला दिसत नाही.

फाइलीच्या आतील शब्द शोधणारी आज्ञा म्हणजे 'ग्रेप'. ती केन थॉम्प्सन यांनी लिहिली. युनिक्सच्या जुन्या संपादकात सर्व मजकुरात एखादा नमुना शोधून छापण्यासाठी 'जी/आरई/पी' असे लिहीत. त्यावरून हे नाव पडले. 'ग्रेप' साध्या मजकुराच्या फाइलींत चालते. वर्डच्या नव्या फाइली आतून दाबून बांधलेल्या असतात, त्यांत ती शब्द शोधू शकत नाही. म्हणून आम्ही यादीची एक प्रत साध्या मजकुराच्या रूपात, प्रत्येक तुकडीची वेगळी फाईल करून ठेवली आहे.

तिचा उपयोग लगेच झाला. सातवीतील एका मुलीची आजी आपल्याच शाळेची विद्यार्थिनी. पण आडनाव घालून शोधले तर नाव नाही. साहजिकच आहे, यादीत नाव माहेरचे! माहेरचे आडनाव तळवलकर. तेही सापडेना. मग लक्षात आले की आपण इंदूरकर. आपल्याकडे नोंदवही लिहिणाऱ्याच्या हाताला हिंदीचे वळण असते. 'ळ'च्या जागी 'ल' येतो, 'इंदूर'चे 'इंदौर' होते, 'होळकर'चे 'होलकर'. तेव्हा आज्ञा अशी दिली:

ग्रेप -आर -एन "त[लळ]वलकर" .

चौकटी कंसाचा अर्थ 'यांपैकी कोणतेही एक अक्षर'. '-आर' म्हणजे सर्व फोल्डरांत, '-एन' म्हणजे ओळीचा क्रमांकही सांग. आजींचे नाव चौथ्या तुकडीत निघाले, 'ल' घालून लिहिलेले. त्यांना अमृतमहोत्सवाचे निमंत्रण माहेरच्या नावाने गेले.

मराठीतील आणखी एक खाच. 'गोऱ्हे' या आडनावातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण आतील क्रमांक वेगळे असल्यामुळे संगणकाला ते दोन भिन्न शब्द वाटतात. समोर दिसणारा शब्द शोधात सापडत नसेल, तर हे कारण असू शकते. अशा वेळी केवळ 'गो' आणि पहिले नाव देऊन पाहावे.

६. काही पथ्ये

'डीआयआर' आणि 'ग्रेप' केवळ दाखवतात, काही पुसत नाहीत. पण काळ्या खिडकीत पुसणाऱ्या आज्ञाही असतात. लिनक्सच्या 'फाइंड'ला '-डिलीट' जोडले तर सापडलेले सर्व पुसले जाते आणि ते कचरापेटीतही जात नाही. म्हणून जिचा अर्थ कळलेला नाही अशी आज्ञा कधीही देऊ नये, कोणी सांगितली तरीही.

दुसरे, दुसऱ्याच्या फोल्डरात शोध घेणे म्हणजे दुसऱ्याचे कपाट उघडणे. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत पत्ते आहेत. ती कार्यालयातच राहील, तिच्या प्रती कोणी घरी नेणार नाही.

तिसरे, जे डिस्कवर नाहीच ते कोणतीही आज्ञा शोधून देणार नाही. यादीची एकच प्रत असती आणि ती डिस्क बिघडली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता. आता यादीच्या तीन प्रती आहेत: एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक छापील, कपाटात.

विश्वस्तांनी या अनुभवावरून एक नियम ठरवला आहे. कार्यालयातील प्रत्येक फाइलीच्या नावात आधी वर्ष आणि महिना, मग विषय लिहायचा. उदाहरणार्थ, '२०२४-१२-स्नेहसंमेलन-खर्च'. 'नवीन' आणि 'फायनल' हे शब्द बंद. तसेच दर वर्षी एप्रिलअखेर पुढील आज्ञेने सर्व फाइलींची यादी करून, छापून दप्तरात लावायची:

डीआयआर /एस /बी > सूची.टीएक्सटी

बाणाचे चिन्ह उत्तर पडद्याऐवजी फाइलीत लिहिते. मात्र त्या नावाची जुनी फाईल असेल तर ती पुसून तिच्या जागी नवी येते, हे ध्यानात ठेवावे.

७. घरी करून पाहा

१. आपल्या संगणकावर 'जेपीजी' प्रकारची किती छायाचित्रे आहेत ते 'डीआयआर /एस' देऊन मोजा. एकूण संख्या सर्वांत शेवटी येते.

२. आपल्या आडनावाच्या इंग्रजीत किती स्पेलिंगा होऊ शकतात ते वहीत लिहा. त्या सर्व सापडतील असा एकच नमुना चांदणी व प्रश्नचिन्ह वापरून तयार करा.

३. आई-बाबांच्या संगणकात हरवलेली एक फाईल विचारा. शोधण्याआधी तिच्याविषयी त्यांना काय काय आठवते ते लिहून घ्या: नाव, प्रकार, काळ. मग आज्ञा द्या. कोणत्या धाग्याने ती सापडली ते वर्गात सांगा.

मित्रहो, संगणक कितीही कपाटे धुंडाळतो आणि कंटाळत नाही. पण कोणत्या वर्षी गणपती उठल्यावर काम सुरू झाले, हे त्याला ठाऊक नसते. ते एका निवृत्त माणसाला आठवत होते, म्हणून यादी मिळाली. तेव्हा शोधताना आधी माणसांना विचारा. आणि आज फाईल ठेवताना तिला असे नाव द्या, की वीस वर्षांनी शोधणाऱ्याला कोणाला दूरध्वनी करावा लागणार नाही.

— संगणक विभाग